आरोग्याचा तास वेगळा, पर्यावरणाचा वेगळा, असं का?

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो आणि तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असते. शाळा भरतात जूनच्या मध्याला, विदर्भात तर त्याहून उशिरा. तरी दरवर्षी पत्र येतं की वृक्षारोपण करा आणि फोटो अपलोड करा, मग गावात राहणारे दोन-चार शिक्षक आणि जवळपासची पोरं बोलावून रोपं लावली जातात, फोटो जातो, आणि पाऊस लांबला की शाळा भरायच्या आत निम्मी रोपं करपलेली असतात. तसंच ७ एप्रिलला आरोग्य दिन, १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन, फेब्रुवारीत जंतनाशक दिन. मी गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते आणि हे सगळे दिन मी मनापासून साजरे केलेत, पोरांकडून घोषवाक्यं लिहून घेतलीत, प्रभातफेऱ्या काढल्यात. पण घोषवाक्य लिहिणारा पोरगा घरी गेला की माठात हात घालूनच ग्लास भरतो, हे मी रोज बघते आणि मला ते खूप लागतं.

मला म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. आरोग्य आणि पर्यावरण हे आपण शाळेत दोन वेगळे विषय म्हणून आणले, दोन खात्यांनी आणले, दोन वह्यांमध्ये आणले, आणि म्हणूनच ते पोरांपर्यंत पोचले नाहीत. पोराच्या जगण्यात ते एकच आहे हो. शाळेची पाण्याची टाकी हा पर्यावरणाचा भाग का आरोग्याचा? मुलींच्या टॉयलेटमागे पडलेला कचरा, मैदानाच्या कडेला टायरमध्ये साचलेलं पाणी, खिचडीतली भाजी, हे कुठल्या तासाला शिकवायचं? आणि जे कुठल्याच तासात बसत नाही ते शिकवलंच जात नाही.

हे काही आज सुरू झालेलं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच पर्यावरणाची जाणीव सगळ्या शिक्षणात मुरली पाहिजे असं म्हटलं होतं. मग पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. त्याच निकालात सिनेमा थिएटरांनी पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात असंही होतं. बारा वर्षं गेली, बहुतेक राज्यांनी फार काही केलं नाही, मेहता परत कोर्टात गेले, आणि १८ डिसेंबर २००३ ला कोर्टाने एनसीईआरटीला, म्हणजे शालेय अभ्यासक्रम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेला सांगितलं की पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम तयार करा. लगेच दुसरा वाद उभा राहिला, की स्वतंत्र विषय करायचा का सगळ्या विषयांमध्ये मिसळायचा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मिसळायच्या बाजूने कौल दिला. तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' हा एकत्र विषय राहिला आणि पुढच्या वर्गांत भूगोलात थोडं, विज्ञानात थोडं, भाषेत एखादा धडा असं झालं.

मिसळण्याची कल्पना मला आजही बरोबर वाटते. पण शाळेत काय होतं ते बघा. सगळ्यांचं काम असलं की ते कुणाचंच नसतं. भूगोलाच्या सरांना वाटतं की प्रदूषण विज्ञानात झालं, मला वाटतं की पाणलोट भूगोलात झालं, आणि पेपरात दोन मार्कांचा प्रश्न आला की दोघांचंही समाधान होतं. उलट आपल्या बोर्डाने स्वतंत्र विषय केले तिथे ते श्रेणी विषय झाले, म्हणजे मार्क नाहीत, नुसती श्रेणी. नववी-दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' आहे, 'जलसुरक्षा' आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण आहे. जलसुरक्षेचं पुस्तक खरंच चांगलं आहे, उघडून बघा, पाण्याचा ताळेबंद, भूजल, गावाचा पाणी आराखडा असं सगळं त्यात आहे. पण श्रेणी विषय म्हटलं की वेळापत्रकात त्याचा तास जानेवारीनंतर गणिताला जातो आणि प्रोजेक्ट स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. पालक विकत आणून देतात, पोरगं नाव घालतं, आम्ही सही करतो. यात मी पालकांना दोष देत नाही. ज्या कामाचं पुढे काहीच होत नाही ते काम पोराने का करावं, याचं उत्तर आपण त्यांना कधी दिलेलंच नाही.

आरोग्याच्या बाजूला तर योजना भरपूर आहेत, आणि त्या चांगल्या आहेत हे मी ठामपणे सांगेन. २०१३ साली पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, डॉक्टर प्रत्येक पोराला तपासतात, कुणाच्या हृदयाला छिद्र सापडतं, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही हे तेव्हाच कळतं, आणि पुढे ऑपरेशनपर्यंत सगळं मोफत होतं. जंताची गोळी आहे. सहावी ते बारावीला आठवड्याला एक लोहाची निळी गोळी आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तर प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना हेल्थ ॲम्बॅसिडर करायचं, आठवड्याला एक तास द्यायचा, अकरा विषय घ्यायचे अशी योजना आली, आणि पुढच्याच महिन्यात कोरोनाने शाळा बंद झाल्या.

आता त्या निळ्या गोळीचंच बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला, मुलांमध्ये ३१ टक्के. म्हणजे माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली. त्यांना आम्ही सोमवारी गोळी देतो आणि रजिस्टरवर टिक करतो. बऱ्याच मुली ती जिभेखाली धरून बाहेर जाऊन थुंकतात. कारण मळमळतं, शी काळी होते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की ही मूल न होण्याची गोळी आहे. आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं असं, की त्याच आठवड्यात मी त्याच मुलींना हिमोग्लोबिन शिकवत असते. रक्तातली तांबडी पेशी, लोह, ऑक्सिजन, आकृती काढून नावं द्या. या दोन गोष्टींची गाठच कुणी घालून देत नाही! गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये कारण चहामुळे लोह अंगात नीट शोषलं जात नाही, लिंबू किंवा आवळा घेतला तर जास्त शोषलं जातं, शी काळी होणं हे घाबरण्यासारखं काही नाही, हे पाच मिनिटांचं बोलणं आहे. ते मी वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्यात तर सकाळी चहा-चपातीच असते, मग चपातीतलं पण जात असंल ना वाया?" इतका नेमका प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. तिथून मग आम्ही ज्वारी-बाजरीकडे गेलो, शेवग्याच्या पाल्याकडे गेलो, बांधावर आपोआप येणारी तांदुळजा-चिघळसारखी भाजी हल्ली तणनाशकामुळे का दिसत नाही इथपर्यंत गेलो. हा तास आरोग्याचा झाला का पर्यावरणाचा, मला खरंच सांगता येणार नाही.

खिचडीबद्दल पण बोलायला पाहिजे. शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा, आता योजनेचं नाव पीएम पोषण आहे. सहावी ते आठवीच्या पोराला रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, म्हणजे साधारण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन असं ठरलेलं आहे. हे आकडे मला सांगा किती पोरांना माहीत असतात? गणिताच्या तासाला आठवीची पोरं हे मोजू शकतात की, आज पटावर किती, डाळ किती लागायला पाहिजे होती, ७५ ग्रॅम भाजी म्हणजे प्रत्यक्षात ताटात केवढी दिसते. आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा तराजूवर ७५ ग्रॅम पालक ठेवून दाखवला तर पोरं बघतच राहिली, केवढा ढीग! शिजल्यावर तो मूठभर होतो हेही त्यांनीच दाखवलं. मावशी शिकलेल्या सातवीपर्यंत, पण त्या दिवशी वर्ग त्यांनी घेतला आणि फार छान घेतला. परसबागेची योजना याच्याशी जोडली तर किती सोपं आहे, पण परसबागेच्या स्पर्धेचा फोटो एका फाइलला आणि खिचडीचं रजिस्टर दुसऱ्या फाइलला. आणि एक गोष्ट मला कायम खटकते, की नववी-दहावीच्या मुलींना गोळी आहे पण जेवण नाही. वाढीच्या, पाळीच्या वयात ताट आठवीलाच थांबतं. डबा न आणणाऱ्या मुली मला नावानिशी माहीत आहेत. त्यांना समतोल आहाराचा तक्ता पाठ करायला सांगताना जीभ अडखळते.

पाण्याचं आता जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत बदललं ते तिथूनच, म्हणजे हे कसं शिकवायचं याबद्दलचं. पाण्यात शेणा-मैलाचे जंतू आहेत का हे ढोबळ बघायची एक साधी बाटली मिळते, एचटूएस टेस्ट म्हणतात. छोटीशी बाटली, आत औषध लावलेला कागद किंवा पावडर, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, आणि ऊबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं पडलं तर पाणी दूषित असायची शक्यता दाट, मग नमुना लॅबला पाठवायचा. क्लोरिनसाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट, नळीत पाणी घेऊन दोन-तीन थेंब टाकले आणि पिवळी झाक आली की क्लोरिन आहे. शेवटच्या नळालासुद्धा लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन उरलं पाहिजे असा नियम आहे.

नववीच्या पोरांनी शाळेची टाकी, चौकातला सार्वजनिक नळ, मळ्यातली विहीर, आणि आपापल्या घरच्या माठातलं पाणी असे नमुने आणले. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, थंडीचे दिवस होते म्हणून शालीत गुंडाळून खोक्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं. विहिरीची बाटली काळी, ते अपेक्षित होतं. नळाची स्वच्छ. पण ज्या घरांना तोच नळ आहे त्यातल्या कितीतरी घरांच्या माठाच्या बाटल्या काळ्याकुट्ट! शाई ओतल्यासारख्या. वर्गात एकदम शांतता, मग एकच गलका. नळातून चांगलं आलेलं पाणी घरात येऊन कसं बिघडलं? मी काही सांगितलं नाही, मला फार मोह झाला होता पण नाही सांगितलं. पोरांनीच वाद घातला. कुणी म्हणे माठ धुतला नसेल, कुणी म्हणे झाकण नसतं, मग एक पोरगा हळूच म्हणाला की आमच्यात लहान भाऊ खेळून येतो आणि तसाच ग्लास बुडवतो. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की ज्यांच्या घरी ओगराळं आहे आणि ज्यांच्या घरी नाही अशा घरांच्या बाटल्या वेगळ्या करून बघू. ओगराळ्याच्या घरांच्या बहुतेक बाटल्या स्वच्छ निघाल्या. सगळ्या नाही, एक-दोन काळ्या होत्याच, आणि त्यांच्यावर अजून भांडण झालं, ते तर मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण विज्ञान म्हणजे तेच असतं ना.

पुढच्या आठवड्यात बाजारात ओगराळी घेतली गेली. एका आजींनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "मॅडम, नातवानं ग्लास बुडवला की आता धाकटी ओरडती त्याच्यावर, बाटली काळी पडंल म्हणती." हात धुवा दिनाच्या किती प्रभातफेऱ्यांनी हे झालं नव्हतं.

विहिरीच्या बाटलीचं प्रकरण मात्र इतकं सोपं नव्हतं. विहीर कुणाची, तिच्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कुणी टाकायची, वरच्या बाजूला गोठा आहे तो कुणाचा, हे सगळे गावातले प्रश्न आहेत आणि त्यात माणसं दुखावतात. पोरांनी तक्ता करून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायचं ठरवलं तेव्हा माझ्यावर दबाव आला, शाळेने यात पडू नये असं सांगितलं गेलं. शेवटी तक्ता वाचला गेला, फक्त विहिरींना नंबर दिले, नावं नाही. सरपंचबाईंनी ऐकून घेतलं आणि जलसुरक्षकाला तिथेच सूचना दिली. इथे मला कळलं की आरोग्य आणि पर्यावरण खरंच एकत्र शिकवायला लागलं की ते पुस्तकात राहत नाही, गावाच्या कारभारात जातं, आणि बहुधा म्हणूनच व्यवस्थेला ते घोषवाक्यापुरतं बरं वाटतं.

हे मी नवीन काही शोधून काढलेलं नाही, आपल्याच महाराष्ट्रात हे फार आधी करून दाखवलंय. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, त्यातून नई तालीम आली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाकघर, शेती, सूतकताई हेच अभ्यासाचं साधन होतं. संडासाच्या खड्ड्यातून सोनखत आणि सोनखतातून भाजी हा पोरांनी हाताने केलेला धडा होता. त्यात आरोग्य वेगळं आणि पर्यावरण वेगळं काढताच येत नाही. स्वातंत्र्यानंतर आपण ते बाजूला ठेवलं, याची मला खंत आहे.

आणि मग पाबळ. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं अवर्षणग्रस्त गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे, ते सगळं सोडून १९८३ साली पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या हायस्कूलच्या आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताने काम. चार विभाग, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', म्हणजे आयबीटी, या नावाने एसएससी बोर्डाने तो विषय मान्य केला, दहावीला मार्क असलेला. गृह-आरोग्यात पोरं रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात, पदार्थांचा खर्च आणि पोषण दोन्ही काढतात. शेतीत माती तपासतात. ऊर्जा-पर्यावरणात बायोगॅस, सौर, पाण्याचं मोजमाप. आणि महत्त्वाचं म्हणजे ही कामं गावासाठी करायची, गावकऱ्यांना सेवा म्हणून. शिकवणारेही बरेचदा गावातलेच कारागीर. हे वाचायला साधं वाटतं, पण विचार करा, एखाद्या मुलीने स्वतःच्या आईचं हिमोग्लोबिन स्वतः मोजलं आणि ते खूप कमी, आठच निघालं, तर ती गोळी थुंकेल का? डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण त्यांचं काम आजही चालू आहे, बऱ्याच शाळांमध्ये पोचलंय. माझं म्हणणं एवढंच की जे बोर्डाने १९८० च्या दशकात मान्य केलं ते आज प्रत्येक शाळेत का नाही? पैसे लागतात, जागा लागते, निदेशक लागतो, मान्य आहे. पण स्मार्ट टीव्हीला पण पैसे लागलेच की.

२००५ च्या आराखड्यासाठी वेगवेगळे गट नेमले होते, त्यातल्या 'अधिवास आणि अध्ययन' या गटाचे अध्यक्ष पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. त्यांच्या गटाने फार मोलाची गोष्ट सुचवली होती, की पोरांनी परिसराचे खरे प्रोजेक्ट करावेत, विहिरी मोजाव्यात, ओढे बघावेत, आणि त्या नोंदी सगळ्यांना बघता येतील अशा सार्वजनिक ठिकाणी जमा व्हाव्यात. म्हणजे प्रोजेक्ट रद्दीत जाणार नाही, देशाच्या माहितीत भर पडेल. हे कागदावरच राहिलं. आज प्रत्येक शाळेत माहिती भरायचं सरकारी पोर्टल आहे, सरल आहे, यू-डायस आहे, आम्ही शिक्षक रात्री अकराला आधार नंबर भरत बसतो, मग विहिरीची पातळी, पावसाची नोंद, पाण्याच्या बाटलीचा निकाल भरायला एक साधं पान का असू नये? तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी एकाच आठवड्यात पाणी तपासलं तर आरोग्य अधिकाऱ्यांना साथ यायच्या आधी नकाशा हातात मिळेल. पोरांना कळेल की आपण केलेलं कुणीतरी वाचतंय. तयार प्रोजेक्ट विकत आणायची गरजच संपेल.

अजून दोन ठिकाणी हे एकत्र शिकवणं अगदी टाळताच येत नाही, ती सांगते.

एक म्हणजे पाळी. २०१८ साली अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. फार गरजेचं होतं ते. पण वापरलेल्या पॅडचं काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. टॉयलेट तुंबतात, मागे उकिरड्यावर पडतात, कुत्री ओढतात, कुठे जाळले तर प्लॅस्टिकचा घाणेरडा धूर. प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडणारे शिक्षक अजून आहेत. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' या संस्थेने साधी मोहीम चालवली, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला उघडून बघावं लागणार नाही. हे मी वर्गात सांगितलं, मुलगे समोर बसलेले असतानाच सांगितलं, आणि कुणीही हसलं नाही. कारण विषय पाळीवरून त्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातांवर गेला आणि आमच्या शाळेत अशा घरातली पोरं आहेत.

दुसरं म्हणजे साप. भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज २०२० च्या अभ्यासात आला, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. आमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार महत्त्वाचे. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दंश दिसतही नाही, पोटात दुखतंय म्हणून घरचे सोडा देतात आणि पहाटेपर्यंत माणूस जातो. आता याचा धडा कसा असावा? धान्य आहे म्हणून उंदीर, उंदीर आहे म्हणून साप, ही अन्नसाखळी, पुस्तकात असते तीच. मग घराजवळचा दगड-विटांचा ढीग हलवा, जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, अंधारात बॅटरी घ्या. चावला तर बांधू नका, कापू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्या. आणि सगळ्यात शेवटी, धामण दिसली तर मारू नका, ती उंदीर खाते. एका तासात अन्नसाखळी, प्रथमोपचार, अंधश्रद्धा आणि वन्यजीव सगळं येतं, आणि पोरं श्वास रोखून ऐकतात कारण प्रत्येकाच्या भावकीत कुणीतरी गेलेलं असतं.

डेंग्यूचं पण तसंच, डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. काचेच्या बरणीत वळवळणाऱ्या अळ्या ठेवून वर जाळी बांधा आणि पोरांना रोज बघू द्या, मग कोरडा दिवस का ते सांगावं लागत नाही.

शिक्षक मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे, वेळ कुठे आहे मॅडम. बरोबर आहे. निवडणुकीचं काम, सर्व्हे, पोर्टल, वर पोर्शन. म्हणून मी नवीन विषय मागत नाही, नवीन पुस्तक तर अजिबात नको. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना म्हणून सांगितलेत. ते दहा दिवस बँक आणि पोस्ट ऑफिसची सहल करण्यात जातात, त्यातले निम्मे पाणी, कचरा, ताट आणि डास यांना द्या. आरोग्य, जलसुरक्षा आणि विज्ञानाच्या प्रॅक्टिकलचे मार्क एकाच कामाला द्यायची परवानगी बोर्डाने द्यावी, म्हणजे एका पोराने एक खरं काम केलं की तीन वह्या लिहाव्या लागणार नाहीत. डीएड-बीएडला शिकणाऱ्यांना एकदा तरी पाणी तपासायला, हिमोग्लोबिन बघायला लावा. आणि शिक्षण, आरोग्य आणि पाणीपुरवठा या तीन खात्यांची तालुक्याला महिन्यातून एक एकत्र बैठक. सध्या तिघांची तीन वेगळी पत्रं एकाच मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतात.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी एक माहिती. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासायचं फिल्ड टेस्ट किट दिलेलं आहे आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, ते किट कुठल्यातरी कपाटात असतंच, आणि त्या पाच जणींपैकी एक तरी तुमच्या शाळेतल्या कुणाची तरी आई असते. तिला वर्गात बोलवा. पावसाच्या आधी एकदा आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर एकदा त्याच जागांचं पाणी तपासा. किटच्या औषधांवरची तारीख बघून घ्या, संपलेली असेल तर ग्रामसेवकांना लेखी कळवा. काळ्या पडलेल्या बाटल्या गटारात ओतू नका, आधी त्यात टीसीएल टाकून ठेवा. आणि तक्ता केला असेल तर कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव नाही दिलं तरी चालेल, मला आमच्या पोरांना दाखवायचाय.